नवाकोरा मिनी पीसी आणि ४८ आकडे

दवाखान्याच्या रिसेप्शनवरचा संगणकाचा टॉवर दहा वर्षांचा झाला होता. चालत होता, पण विंडोज १० वर. त्या विंडोजचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि प्रोसेसर इतका जुना, की विंडोज ११ त्यावर चढेना. पेशंटचे पत्ते, तपासण्या, औषधं, सगळं त्याच्यात. मी डॉक्टरांच्या मागे लागले होते. अखेर त्यांनी ऑनलाइन एक मिनी पीसी मागवला आणि मला फोन केला, "खोकं आलंय. फक्त जोडून द्या. अर्ध्या तासाचं काम असेल."

संगणक बसवणं आणि सांभाळणं हेच माझं काम. 'फक्त जोडून द्या' हे मी रोज ऐकते. चार महिन्यांपूर्वी एके ठिकाणी मी ते तंतोतंत पाळलंही होतं. त्याकडे येतेच.

सकाळी आठला, पेशंट यायच्या आत, खोकं उघडलं. तळहातावर मावेल एवढा डबा. सोबत तो मॉनिटरच्या पाठीला लटकवायची पत्र्याची पट्टी. मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं असतात, एकमेकांपासून ७५ नाहीतर १०० मिलिमीटरवर. व्हेसा म्हणतात त्या मापाला, आणि ते सगळीकडे सारखं असल्यामुळे पट्टी बसायलाच हवी. बसली नाही, कारण मॉनिटरचा स्टँडच त्या चार भोकांत आवळलेला होता. असं पुष्कळदा होतं. मग पट्टीचा नाद सोडला आणि डबा मॉनिटरच्या मागे टेबलावर ठेवला, भिंतीपासून चार बोटं पुढे. एवढ्याशा डब्यातला पंखाही एवढासाच असतो. गरम हवेला वाट मिळाली नाही, की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि मग लोक म्हणतात, नवीन असून स्लो कसा?

मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडले. नेटवर्कची केबल मात्र टेबलावरच राहू दिली. आत काय आहे ते आधी बघायचं, मग त्याची बाहेरच्या जगाशी गाठ घालून द्यायची, ही सवय मी अलीकडेच लावून घेतली आहे. बटण दाबलं. काही सेकंदांत डेस्कटॉप समोर.

रिसेप्शनवरच्या काकू हरखल्या. "बघ गं, किती पटकन लागला!"

मी तिथेच अडखळले. नवंकोरं विंडोज पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ते देश विचारतं, कीबोर्ड विचारतं, अटी मान्य करायला लावतं, खातं उघडायला लावतं. यानं काहीच विचारलं नाही. म्हणजे या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कुणीतरी आधीच देऊन टाकली होती. आत एकच खातं, 'युजर' नावाचं. पासवर्ड नाही, आणि अधिकार थेट अ‍ॅडमिनचे. परवाना कुठल्या प्रकारचा आहे ते दाखवणारी एक छोटी कमांड आहे, ती चालवली. उत्तर आलं, व्हॉल्यूम. हा परवाना मोठ्या संस्था आपल्या शेकडो यंत्रांसाठी एकत्र घेतात. सुट्या विकल्या जाणाऱ्या एका डब्यात त्याचं काय काम?

मग विंडोज सिक्युरिटी उघडली. सगळीकडे हिरव्या खुणा. विंडोजचा स्वतःचा व्हायरस शोधणारा डिफेंडर चालू, नेटवरून होणारी घुसखोरी अडवणारी फायरवॉल चालू. बहुतेक जण इथे समाधानानं खिडकी बंद करतात. मीही करायचे. त्या दिवशी व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगमध्ये अगदी तळापर्यंत गेले. तिथे 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते, डिफेंडरनं कुठे बघायचं नाही याची. नव्या संगणकात ती कोरी असायला हवी.

तिच्यात एक ओळ होती. सी ड्राइव्ह. अख्खा.

पहारेकरी दारावर उभा, गणवेशात, काठीसह, आणि त्याला हुकूम असा, की घराकडे पाठ करून उभा राहा. हिरव्या खुणा खोट्या नव्हत्या, डिफेंडर खरोखरच चालू होता. फक्त त्याला बघायला काही ठेवलंच नव्हतं.

ती ओळ काढून टाकली. व्हायरसच्या ओळखींची ताजी फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हनं आत घातली आणि पूर्ण स्कॅन लावला. पहिली लाल सूचना यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. रिकव्हरीचं पार्टिशन, म्हणजे विंडोज पुन्हा बसवायची सामग्री ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग, एरवी डोळ्यांना दिसत नाही. त्याला तात्पुरतं अक्षर देऊन तेही तपासलं. तीच फाइल तिथेही. म्हणजे कुणी 'हा पीसी रीसेट करा' दाबून सगळं पुसलं असतं, तरी तिथून ती पुन्हा जागेवर येऊन बसायला मोकळी होती.

२०२४ च्या सुरुवातीला असंच एक प्रकरण गाजलं होतं. एका कंपनीच्या मिनी पीसींमध्ये, सीलबंद खोक्यांतून आलेल्या, रेडलाइन आणि ब्लाडाबिंडी या नावांची मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, सापडली होती, आणि तीही रिकव्हरी पार्टिशनमध्ये. रेडलाइन याच जातीचा, पासवर्ड चोरणारा. मी ते तेव्हा वाचलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं.

हे चोर पासवर्डवर थांबत नाहीत. आपण एखाद्या खात्यात एकदा लॉगिन केलं, की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो. दुसऱ्या दिवशी साइट आपल्याला पुन्हा पासवर्ड विचारत नाही ती या कुकीमुळे. ती कुकी चोरून दुसऱ्याच्या संगणकात घातली, की साइटला तो माणूस म्हणजे आपणच वाटतो. पासवर्ड नको, मोबाइलवर येणारा ओटीपी नको. लोक मला म्हणतात, ओटीपी आहे ना, मग भीती कसली? भीती हीच.

डॉक्टर आले. मी त्यांना स्क्रीन दाखवली.

"पण नवीन आहे ना हा?" त्यांना पटेचना.

"खोकं नवीन आहे, डॉक्टर. आत काय भरायचं ते भरणाऱ्याच्या हातात."

"मग पुसून नवीन विंडोज टाका."

डिस्क पुसता येते आणि त्यानं बहुतेक वेळा भागतंही. पण डिस्कच्या खाली बायोस असतो, संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, आणि डिस्क पुसल्यानं त्याला धक्का लागत नाही. त्यात काही गडबड असल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, तसा संशयही फार नव्हता. पण ज्यांनी विंडोज असं भरून पाठवलं त्यांच्या बायोसवर मी दवाखान्याच्या फाइली ठेवणार नव्हते. परत करण्याची मुदत शिल्लक होती. मी म्हटलं, "परत पाठवा." एकेका स्क्रीनचे फोटो काढून दिले, डबा पुन्हा खोक्यात गेला. दुसरा येईपर्यंत जुना टॉवर इंटरनेटपासून तोडून नुसत्या नोंदींपुरता ठेवला. काकूंनी काही न बोलता माउस पुन्हा त्याला जोडला.

खोक्याला चिकटपट्टी लावताना माझं लक्ष बाजूच्या मॉडेल नंबरकडे गेलं आणि पोटात गोळा आला.

हाच डबा मी चार महिन्यांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांकडे जोडून दिला होता. सर घरून ऑनलाइन गणित शिकवतात. त्या दिवशी त्यांचा तास होता, घाई होती. 'नवीनच आहे, बघायचं काय त्यात' असं मीच म्हणाले होते. मॉनिटरच्या मागे पट्टी सुरेख बसली होती, म्हणून मी खूशही होते.

दुपारी फोन केला. "सर, एक करा, पीसीची नेटवर्क केबल काढा आणि मी येईपर्यंत त्याला हात लावू नका." त्यांनी कारण विचारलं नाही. "बरं" म्हणाले.

पाचला पोचले. यादी उघडली. तीच एक ओळ.

सरांना सगळं सांगितलं, मी बघायला हवं होतं हेही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आता क्रम काय, ते सांग."

क्रमच महत्त्वाचा होता. हाताखालचा संगणक मळलेला असताना त्यावरून पासवर्ड बदलणं म्हणजे नवी किल्ली चोराच्याच हातात देणं. म्हणून सरांच्या फोनवरून सुरुवात केली, आणि सगळ्यात आधी ई-मेल, कारण बाकीच्या खात्यांच्या पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. पासवर्ड बदलला, की लगेच 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट', म्हणजे चोरलेल्या कुकीही बाद. मग बँक. मग शिकवणीचं खातं. सरांनी एका कागदावर खात्यांची यादी केली, बारा भरली. एकेक झालं, की पुढे बरोबरची खूण, वही तपासताना करतात तशी. ई-मेलच्या लॉगिनच्या नोंदींत अनोळखी काही दिसलं नाही. मी त्यावर विसंबले नाही, चोरलेल्या कुकीनं आत आलेला माणूस तिथे वेगळा उठून दिसेलच असं नसतं.

हा डबा परत करण्याची मुदत गेली होती. तेव्हा इथे पुसण्यावाचून इलाज नव्हता. सरांना स्पष्ट सांगितलं, की बँकेचे व्यवहार यापुढे फोनवर, या यंत्रावर फक्त शिकवणी. त्यांची कागदपत्रं आणि फोटो तेवढे काढून घेतले, प्रोग्राम एकही नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोज इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह तयार केला, आठ जीबीचा पुरतो, आणि त्यावरून डबा सुरू केला. इन्स्टॉल करताना पार्टिशनची यादी येते. तिथे मी एकूण एक पार्टिशन उडवलं, रिकव्हरीचंही, शेवटी 'अनअलोकेटेड', म्हणजे मोकळी जागा, एवढी एकच ओळ उरेपर्यंत. विंडोज लागलं, पण वायफाय दिसेना, कारण त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, विंडोजकडे नव्हता. तो विक्रेत्याच्या पानावर मिळाला असता. मी तो चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून घेतला. तासभर जास्त गेला, पण जिथून घाण आली तिथलीच फाइल पुन्हा आत घेणं मला शक्य नव्हतं. जुना परवाना अर्थातच गेला. सरांनी रीतसर नवा घ्यायचं ठरवलं.

बायोसमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीच्या सहीशिवायचं काही सुरूच होऊ न देणारी सोय, बंद होती, ती चालू केली. रोजच्या वापराला साधं खातं, अ‍ॅडमिनचं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा. एखाद्या प्रोग्रामला काही बसवायचं असेल तर त्यानं आधी सरांना विचारावं, एवढ्यासाठी. उठताना विंडोजची कळ आणि एल, की स्क्रीन कुलूपबंद. हे सरांनी दोनदा करून पाहिलं.

राहिलं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करणं. टॉवर कुणी काखोटीला मारून नेत नाही, हा डबा मात्र कोटाच्या खिशात जातो. म्हणून डिस्क कुलूपबंद हवीच. पण ते कुलूप कधी अडलं, बायोस अपडेट केल्यावर तसं होतंही, तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, लागते. ती हरवली तर फाइली गेल्याच, मी काय, कुणीच काही करू शकत नाही. ही की ऑनलाइन खात्यात जमा करता येतेच, पण मला ती कागदावरही हवी होती. प्रिंटर सरांकडे नाही.

"सांग, मी लिहितो," ते म्हणाले. वहीचं कोरं पान काढलं, समास आखला. मी वाचत गेले, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ते एकेक आकडा वळणदार काढत होते, गटागटात सारखं अंतर ठेवून. रात्रीचे अकरा वाजत आले होते.

आठवा गट झाल्यावर मी खुर्ची मागे सारली.

"थांब," सर म्हणाले, "आता मी वाचतो, तू स्क्रीनवर बघ."

ते वाचू लागले. पाचव्या गटाशी मी त्यांना अडवलं. तिथे स्क्रीनवर सात होता आणि वहीत एक. सांगताना माझीच चूक झाली होती. सरांनी त्या आकड्यावर गिरवलं नाही. पूर्ण ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि पुन्हा पहिल्या गटापासून वाचायला सुरुवात केली.