भांडणानंतरचे फोन

रविवार, रात्री साडेअकरा

आत्ताच भाचीचा फोन झाला. एक तास दहा मिनिटं. कान गरम झालाय, आणि गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडीवर करपलंय. ते उद्या घासू.

प्रश्न एकच. "मावशी, तू सांग. करू का नको मी ह्याच्याशी लग्न?"

अडीच वर्षं झाली दोघांना. दोघंही पुण्यात नोकरीला. मुलगा कष्टाळू आहे, व्यसन नाही, पण त्याने घरी अजून सांगितलेलं नाही. आधी म्हणाला बहिणीचं लग्न होऊ दे. मग आजीचं ऑपरेशन निघालं. आता म्हणे दिवाळीनंतर. कुठली दिवाळी, ते सांगितलेलं नाही.

माझ्याआधी तिने चौघांना विचारून झालंय. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, रेड फ्लॅग. (हल्ली पोरांकडे जितके लाल झेंडे असतात तितके रेल्वेच्या गार्डकडेही नसतील.) रूममेट म्हणाली, अजून सहा महिने दे त्याला. शाळेतली मैत्रीण, जिचं स्वतःचं गेल्याच वर्षी मोडलं, ती म्हणाली सोड. आणि ऑफिसातल्याच एकाने दोघांच्या जन्मवेळा ॲपवर टाकून साडेएकवीस गुण काढून दिले. ३६ पैकी १८ म्हणजे पास, त्यामुळे ही सुटली.

मी काय म्हणाले? "उद्या-परवा बोलू." झालं.

सोमवार

सकाळी सातला अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा फोन. "तुझं ऐकते ती. तू समजव."

"काय समजवू?"

"सोड म्हणावं त्याला."

अक्काने त्या मुलाला आयुष्यात एकदा पाहिलंय, स्वारगेटला. तिला एसटीत बसवून द्यायला तो आला होता, वीस मिनिटं. तेवढ्यात तिने ओळखलं की ह्याला आईपुढे बोलता येत नाही. आणि मजा म्हणजे तिचं चुकलेलं नाही.

अक्काचं मत मी उडवून लावत नाही, कारण १९९४ साली माझ्यावरही तिने असंच एक मत दिलं होतं. मी तेव्हा सांगलीहून रोज एसटीने इचलकरंजीला जात होते, एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून. दर शनिवारी कामगारांच्या पगाराचे पैसे काढायला हे यायचे. घराच्या मागे शेडमध्ये आठ यंत्रमाग. आमचं आम्हीच ठरवलं आणि मग आई आणि अक्का घर बघायला गेल्या. परत येताना एसटीतच अक्काने मुद्दे काढले. घरात रात्रंदिवस खडखडाट, डोकं उठेल. सासूचा शब्द शेवटचा, तुला स्वयंपाकघरातसुद्धा विचारणार नाहीत. मंदी आली की हे माग भंगारात जातील. आणि चौथा, तिच्या लेखी सगळ्यात मोठा: मुलगा खेकसतो. सगळ्यांसमोर धाकट्या बहिणीवर ओरडला, "चहा आण की!" आज बहिणीवर, उद्या तुझ्यावर.

(पत्रिका हे आईचं खातं. अकरा गुण जमले होते. आई आठवडाभर बोलली नाही.)

पहिले तीन मुद्दे अक्षर न् अक्षर खरे झाले. खडखडाटात मी दोन मुलं वाढवली. सासूबाई असेपर्यंत आमटीत गूळ किती घालायचा हेही त्याच ठरवायच्या. आठ मागांचे चार झाले, उरलेले चार वजनावर गेले. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

चौथ्या मुद्द्याचं मात्र वेगळं झालं. मागाच्या शेडमध्ये माणूस एक तर ओरडून बोलतो, नाही तर हातवाऱ्यांनी. जन्मापासून त्याच घरात वाढलेल्या ह्यांच्याकडे लहान आवाज नव्हताच. अजूनही नाही. हे "भाजी छान झालीय" म्हणतात तेव्हाही खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं भांडण लागलं. अक्काने ऐकलं ते बरोबरच ऐकलं. पण आमच्या घरी आवाज चढला की पाठोपाठ ताट भिरकावलं जायचं, आमचे दादा तसे होते. त्या ओरडण्यापुढचं ताट अक्काने आमच्या घरून आणलं होतं.

आणि जे तिला दिसणं शक्यच नव्हतं ते असं. लग्नानंतर मी जी.डी.सी. अँड ए.च्या परीक्षेला बसले. सहकार खात्याची ती परीक्षा, हिशेबपद्धती, लेखापरीक्षण असले विषय, सगळा अभ्यास रात्रीचा. माझ्या खोलीच्या भिंतीला लागून दोन माग होते. रात्री नऊ ते अकरा ते दोन माग बंद असायचे. मला वाटायचं बिघडलेत, नाही तर सूत आलेलं नाही. दोन माग रोज दोन तास बंद म्हणजे महिन्याला किती मीटर कापड बुडतं, हे पुढे घरचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा कळलं. ह्यांनी ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मग स्वारगेटच्या वीस मिनिटांत अक्काला कसं दिसणार?

मंगळवार

काल लिहिलेलं वाचलं आणि स्वतःचाच राग आला. माझं बरं निघालं म्हणून बाहेरच्यांना काही कळत नाही, हे कुठलं गणित?

कॅनडातल्या तारा मॅकडोनाल्ड आणि मायकेल रॉस यांचा १९९९ सालचा एक अभ्यास आहे, त्याबद्दल मागे वाचलं होतं. आज पुन्हा काढला. प्रेमात असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं, तुमचं किती टिकेल? तेच त्यांच्या रूममेटना विचारलं आणि आईवडिलांना. ज्यांचं प्रेम त्यांना स्वतःबद्दल खात्री जास्त होती, पण अंदाज जास्त बरोबर आले ते रूममेटचे आणि आईबापांचे. म्हणजे अक्काचा पक्ष वर. पण पुढची गंमत अशी की नातं आत्ता कसं चाललंय, याबद्दल त्या मुलांनीच दिलेलं उत्तर टिकण्या-न टिकण्याशी बाकीच्यांच्या उत्तरापेक्षा जास्त जुळत होतं. म्हणजे माहिती होती त्यांच्याचकडे. भविष्य सांगायची वेळ आली की ती बाजूला ठेवून भलतंच सांगत होते.

हे वाचल्यावर मी फोनचा हिशेब मांडला. जुनी खोड. गेल्या दीड वर्षात ह्या मुलावरून भाचीचे मला अकरा फोन आले असतील, आणि अकराच्या अकरा भांडणानंतरचे. रविवार चांगला गेला तर मावशीला फोन कोण करतं? मला त्या नात्याची फक्त खर्चाची बाजू दिसते. जमेचं पान माझ्यापर्यंत येतच नाही. एवढ्यावर ताळेबंद काढला तर सहकार खातं माझं सर्टिफिकेट काढून घेईल.

बुधवार

एक गोष्ट लिहायची टाळत होते.

२००८ मध्ये आमच्या पतसंस्थेत एक जण होती. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून यायची. डबा खाताना एकदा एवढंच म्हणाली, "घरी फार होतंय गं." मी म्हणाले, "सगळ्यांच्याच घरी असतं. थोडं सांभाळून घे." आणि तिला लोणचं वाढलं. लोणचं वाढल्याचं अजून आठवतं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, लागू झाला २००६ च्या ऑक्टोबरात. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे असा प्रकार घडतोय असं वाटायला कारण असेल, तर कोणीही, अगदी तिऱ्हाईत माणूसही, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होऊ शकतो. म्हणजे मी लोणचं वाढत होते तेव्हा कायदा होऊन अडीच वर्षं उलटली होती. मला पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी शोधलाही नव्हता. दुसऱ्यांच्या संसारात आपण कशाला पडा, हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटायचं.

ती पुढे भावाच्या मदतीने बाहेर पडली. आता भेटते तेव्हा हसून बोलते, पण त्या विषयावर मला कधी काही सांगत नाही. का सांगावं?

म्हणून भाचीला आज आधी एवढंच मेसेजवर विचारलं: "तो हात उगारतो का? पैसे, फोन, कपडे यावर पाळत ठेवतो का?" लगेच उत्तर आलं, "नाही गं मावशी!! वेडी आहेस का." दोन उद्गारचिन्हं. बरं वाटलं. तरी उद्या तिच्या तोंडून ऐकायचंय.

गुरुवार, रात्री

मीच फोन केला. हात उगारण्याचं पुन्हा विचारलं, आवाज नीट ऐकला. नाही.

मग म्हटलं, "करू का नको ते राहू दे. गेला महिना कसा गेला ते सांग. आठवड्या-आठवड्याने."

आधी वैतागली. मग सांगायला लागली. पहिल्या आठवड्यात तिला ताप होता, तर तो रोज रात्री मुगाची खिचडी घेऊन यायचा, एक दिवस करपवली तीही आणली. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो उठून बाल्कनीत गेला आणि मागे दार लावून घेतलं. तिसरा आठवडा तिला आठवेना. बराच वेळ आठवत राहिली. मग एकदम म्हणाली, "मावशी, त्या आठवड्यात मी ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघत होते. काम नव्हतं तरी."

"का गं?"

"माहीत नाही. तो खाली थांबलेला असायचा."

मी गप्प राहिले. अक्का असती तर इथेच निकाल देऊन मोकळी झाली असती. माझ्याही जिभेवर आला होता. पण एक आठवडा उशिरा निघणं म्हणजे काय, ते मला इथे बसून काय कळणार? कंटाळा असेल, भीती असेल, नुसता तापानंतरचा थकवाही असेल. करपलेली खिचडी आणि लावून घेतलेलं दार, यातलं जड काय, ते तिच्याच तराजूत कळायचं.

"तू काहीच सांगितलं नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मग मी फोन कशाला केला?"

"तू नाही, मी केला."

आतल्या खोलीतून हे ओरडले, "कोण आहे एवढ्या रात्री?" पलीकडून भाची हसली. म्हणाली, "काका चिडले का?" म्हटलं, नाही गं, विचारतायत.

रविवार

फोन आला. सकाळचा, भांडणानंतरचा नव्हे. आंबोळीचं पीठ आंबत नाही, पुण्यात थंडी आहे, काय करू? म्हटलं, डबा रजईत गुंडाळून ठेव. अजून दहा मिनिटं पिठाबद्दलच बोललो. दोन माणसांपुरतं भिजवलंय का एकापुरतं, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

नाही विचारलं.

अक्काचे मात्र कालपासून तीन मिस्ड कॉल आहेत.