कविता कापली आणि फसले

बॅगेतलं कुळथाचं पीठ अजून बाहेर काढलेलं नाही, पण आधी हे लिहून टाकते. नाहीतर राहूनच जाईल.

डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला घरी गेले होते. बी.एड.ला मला मराठीची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या बाईंचा दुसऱ्याच दिवशी फोन. ‘काय गो, फिनलंडात जावन काय शिकतंस ता जरा आमच्या पोरांका सांग. दोन दिवस एकेक तास दितंय तुका.’ बाईंना नाही म्हणायची सवय मला तेव्हाही नव्हती.

मी राहते युवास्कुला या गावात. फिन्निश भाषेतून शिक्षक घडवणारं पहिलं विद्यालय 1863 साली इथेच निघालं. शाळेत आपण ज्याला नुसतं ‘मराठी’ म्हणतो, तशा विषयाचं नाव इथे ‘मातृभाषा आणि साहित्य’ असं आहे. तो विषय शिकवू पाहणाऱ्यांबरोबर मी एका तासिकेला बसत असे, आणि तिथेच माझी पहिली फजिती झाली.

पुस्तक होतं फिन्निश कादंबरीकार आलेक्सिस किवीचं ‘सात भाऊ’, 1870 सालचं. त्यातले आडदांड भाऊ चर्चच्या कारकुनाकडे मुळाक्षरं शिकायला जातात आणि शेवटी खिडकीतून उड्या टाकून पळतात. उद्याच्या शिक्षकांनी वाचायला याहून चांगला प्रसंग कुठला! आम्हा पाचजणांना पाच वेगळे कागद मिळाले. वाचता आल्याशिवाय लग्न लागत नसे, हा त्या काळचा चर्चचा नियम एकाकडे. कारकुनाची शिकवायची तऱ्हा दुसरीकडे. आउगुस्त आल्क्विस्त नावाच्या प्राध्यापकाने हे पुस्तक कसं झोडपून काढलं, ते माझ्याकडे. मी कागद बसमध्ये वरवर चाळला होता. गटचर्चाच तर आहे, कोणीतरी बोलेल.

कोणीच बोललं नाही. तो कागद माझ्याशिवाय कुणाकडे नव्हताच. गटातल्या बाकीच्यांनी मला तीन प्रश्न विचारले, मी तीनदा घसा साफ केला. फिन लोकांना शांततेचं वावडं नसतं, तिथल्या बाई शांतपणे खिडकीबाहेर बघत राहिल्या. आपल्याकडे अशा वेळी गटातली एखादी हुशार मुलगी सावरून घेते. तिनेच सगळं लिहिलेलं असतं, बाकी चौघांनी सही केलेली असते आणि फाईलला कव्हर घातलेलं असतं. मीही अशी फाईल केली आहे. सही करणाऱ्यांत होते.

या पद्धतीला जिगसॉ म्हणतात. 1971 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती काढली. तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि एकमेकांवर डाफरत होती. अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. सारखा तुकडा असलेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन इतरांना शिकवतात. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतरच नाही.

हे सगळं मालवणच्या बी.एड.च्या वर्गात मी झोकात सांगितलं आणि केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ घेतली. रात्री रस्त्यावर खिडकीतून येणारी सतार ऐकून एका खचलेल्या माणसाचं मन शांत होतं, ती कविता. केशवसुत मालगुंडचे, स्वतः शाळामास्तर. या पोरांची सहल तिकडे जाऊन आलेली. कवितेतली कडवी कात्रीने कापून पाच गटांना वाटली.

पूर्ण पचका. पहिल्या गटाकडे नुसता काळोख आणि जिवाला कंटाळलेला माणूस. शेवटच्या गटाकडे तोच माणूस निवांत घरी जाऊन झोपलेला. त्यांना कळेना, याला मुळात झालं होतं काय? मधल्या गटाने गाईडमधलं रसग्रहण मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मगे ह्यो दशावतारच झालो मां!’ मुलगा देवबागचा, घरी मासेमारी, तोवर एक शब्द बोलला नव्हता. मला बरं वाटलं. दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्यात लिखित संहिता नसते. पेटारे उघडून रंगायला बसले की कथानक ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या जागेवर होतात. मी म्हटलं, ‘बरोबर! ज्याचा भाग त्याच्याकडे.’ तर तो म्हणाला, ‘तसा न्हय ताई. आख्यान सगळ्यांका म्हायत असता. ह्येंका खय म्हायत हा?’

त्या रात्री जेवताना मी तेच घोळवत होते. माहितीचा धडा कापला तर तुकडे माहितीच राहतात. कविता कापली की कागदाचे कपटे उरतात. युवास्कुलात पुस्तक आम्ही सगळ्यांनी आधी अख्खं वाचलं होतं आणि तुकडे पडले होते ते आमच्या कामाचे. एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली, आणि मी निघाले होते शिकवायला.

दुसऱ्या दिवशी कविता आधी दोनदा मोठ्याने वाचली, सगळ्यांनी. मग कामं वाटली. एकाने फक्त सतारीचा आवाज कुठे कुठे येतो ते बघायचं. एकाने त्या माणसाच्या शरीराचं काय होतं ते, म्हणजे तो कधी चिडतो, कधी सैलावतो. एकाने उजेड-अंधाराचे शब्द गोळा करायचे. एकाने आठवीतलं पोर इथे कुठे अडेल ते शोधायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड निघालं. आपण अडायचंच विसरलेले असतो.

मी खुर्ची दाराशी नेऊन बसले. गप्प बसणं कठीण. दोनदा उठले, बाईंनी डोळ्यांनी खाली बसवलं.

गट बदलल्यावर तो देवबागचा मुलगा आवाजाचं काम घेऊन बसला होता. समोर तालुक्याच्या ठिकाणची, फाडफाड बोलणारी मुलगी. ती म्हणाली, ‘संगीताने त्याचं दुःख गेलं, एवढंच ना?’ तो कागदावर बोट ठेवून थांबला. मग म्हणाला, ‘पण वाजवणाऱ्याक ह्यातला काय एक म्हायत नाय. खाली कोण उभो हा, तो कसो परत गेलो. तो आपलो वाजवताहा.’

ती मुलगी लिहायची थांबली. मी ही कविता दोनदा शिकवली आहे, आणि कायम त्या ऐकणाऱ्याबरोबर रस्त्यावर उभी राहिले. वर खिडकीत कोण आहे हे मनातही आलं नव्हतं.

तास संपल्यावर फळा पुसताना तो बाईंजवळ आला. ‘बाई, ह्या परीक्षेत रसग्रहणात लिवला तर मार्क पडतले?’

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे.

‘आधी लिही तर,’ बाई म्हणाल्या.