तेलाचा काटा शून्यावर: रोटरी इंजिनाच्या विमानातले दोन दिवस

ठरलं होतं तीन टप्प्यांत, एका दिवसात पोचायचं. लागले दोन दिवस, आणि त्यातला बराच वेळ काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडून बसण्यात गेला. विमान घरीच बांधलेलं, दोन आसनी, शेपटीला चाक असलेलं. इंजिन माझदा गाडीचं १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं, दोन रोटरचं १३०८ सीसीचं, पुढे २.८५ चा गिअरबॉक्स (इंजिनाच्या २.८५ फेऱ्यांत पंख्याची एक).

पहिल्याच चढाईत तेलाचं तापमान ९० वरून १०२ अंश सेल्सिअसवर गेलं. रोटरीत तेल नुसतं वंगण नसतं. ते रोटरच्या पोटात फवारलं जातं आणि इंजिन थंड करण्याचा साधारण तिसरा वाटा उचलतं, त्यामुळे पिस्टनवाल्यांचे आडाखे इथे लावू नयेत. नाक खाली घेऊन वेग वाढवला तसं तापमान ९६ वर आलं. हुश्श करतोय तोच ६८ पीएसआयवर ठाम असलेला तेलाच्या दाबाचा काटा एका झटक्यात शून्यावर!

पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? इंजिनाचा आवाज तसाच होता, तापमानही चढत नव्हतं. तेल कमी पडून पिकअप (तेल ओढणारी नळी) हवा ओढू लागला की काटा आधी थरथरतो; हा दिवा विझावा तसा गेला. दाब मोजून काट्याला कळवणारा सेंडरच गेला असणार असं वाटत होतं, तरी जवळची धावपट्टी गाठून उतरलो. काट्यावर शंका घ्यायची ती चाकं टेकल्यावर.

काऊलिंग काढून आधी गळती पाहिली. नव्हती. मग सेंडर काढून त्या जागी सोबत नेलेला यांत्रिक गेज लावला, इंजिन चालू केलं. दाब व्यवस्थित. मी सेंडर पितळी निपल (छोटी जोडनळी) लावून थेट इंजिनावर बसवला होता आणि कंपनांनी त्याचं आतून काम संपवलं होतं. नशीब, निपल तुटला नाही. तुटला असता तर सगळं तेल बाहेर. सुटा सेंडर होता, हातभर लवचिक होजही होती, म्हणून सेंडर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर, बसवला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. यांत्रिक गेजवरही दाब कमीच दिसला असता, तर मात्र पुढचं उड्डाण रद्द. मग प्रेशर रेग्युलेटर, समोरच्या कव्हरमागची ओ-रिंग आणि इक्सेंट्रिक शाफ्टमधला (रोटर ज्यावर फिरतात तो दांडा) थर्मल बायपास, म्हणजे तेल थंड असताना रोटरकडची फवारणी रोखणारी झडप, इथपर्यंत जावं लागतं. तो बायपास काढून बरेच जण सरळ भरीव प्लग बसवतात. उघड्या धावपट्टीच्या कडेला करायची ही कामं नव्हेत.

तापमानाचं कारण अगदीच फुटकळ निघालं. ऑइल कूलर आणि डक्ट यांच्यामधली फोमची पट्टी उखडून बोटभर फट पडली होती आणि हवा कूलरमधून न जाता तिथून पळत होती. अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. दुसऱ्या टप्प्यात चढाईतही काटा ९४ च्या वर गेला नाही.

खरा गाढवपणा संध्याकाळी केला. डिपस्टिक तेल कमी दाखवत होती म्हणून अर्धा लिटर ओतलं. विमान शेपटीवर टेकलेलं, नाक वर, त्यात गाडीत पुढे असणारं इंजिनाचं टोक इथे फायरवॉलकडे आलेलं. गाडीची डिपस्टिक काय खरं सांगणार? सकाळी उड्डाण केल्यावर जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) बाहेर आलं आणि विमानाचं पोट चोपडून निघालं. परत उतरून शेपूट स्टँडवर चढवली, तेल पूर्ण काढलं, मोजून भरलं आणि डिपस्टिकवर कानशीने नवी खूण केली. ती खूण विमान सपाट असतानाची आहे, हे तेल भरायच्या झाकणाजवळ लिहून ठेवलंय.

रोटरच्या सीलना वंगण म्हणून थोडं थोडं तेल सोडणारा मीटरिंग पंप काढून त्याऐवजी इंधनातच टू-स्ट्रोक तेल मिसळणाऱ्यांनी पूर्ण प्रवासाचं तेल बरोबर घ्यावं. मी लिटरला साधारण ८ मिली घालतो. वाटेत मिळेल या भरवशावर निघू नका. चिंध्या मात्र भरपूर न्या. माझ्या दुसऱ्याच दिवशी संपल्या.