कुत्र्यांच्या शेडसाठी ‘प्रस्तावित वापर’ काय लिहायचा?

गोव्यात कुत्र्यांसाठी निवारा काढायचा विचार असेल, तर पैसा आणि डॉक्टर यांच्या आधी एका रकान्याचा बंदोबस्त करा. बांधकामाच्या अर्जातला ‘प्रस्तावित वापर’. आमची फाइल या रकान्यावर अशी अडली की मधला अख्खा पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली म्हातारी कुत्री सांभाळली.

जागा उत्तर गोव्यातल्या एका गावात, सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. पुढे जुनं घर, मागे उताराचं काजूचं भाट, म्हणजे बाग. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा म्हणा) आणि सर्व्हे प्लॅन सहज मिळाले. भावकीच्या सह्याही झाल्या, यावर गोव्यातली माणसं विश्वास ठेवणार नाहीत, पण झाल्या.

घोळ झोनिंगला, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरतं तिथे, सुरू झाला. प्रादेशिक आराखडा 2021 प्रमाणे आमच्या एकाच सर्व्हे नंबरात दोन झोन निघाले. घराकडचा तुकडा सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, मागचं भाट ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीचं. कुणीही शहाणा माणूस कुत्री मागे ठेवेल, वस्तीपासून लांब. पण ऑर्चर्डमध्ये शेतघरासारखे मोजके अपवाद सोडले तर बांधकाम होत नाही. सेटलमेंटमध्ये होतं, पण तिथे कुंपणाला लागून शेजारी. म्हणजे भुंकलेलं कुणाला ऐकू जाणार नाही तिथे परवानगी नाही, आणि परवानगी आहे तिथे सगळ्या वाडीला ऐकू जाणार.

बरं, म्हटलं सेटलमेंटमध्येच बांधू. कार्यालयाचं नाव घेत नाही. टेबलावरच्या माणसाने रकाना वाचला, ‘श्वान निवारा’, आणि चष्मा काढून ठेवला.

“कमर्शियल का?”

“नाही, धर्मादाय आहे. अपंग आणि म्हातारी कुत्री.”

“मग रेसिडेन्शियल?”

नवरा म्हणाला, “राहणार तर आहेतच ती.” या विनोदाने कामाला काडीची मदत झाली नाही.

कोंबड्यांची शेड त्यांना माहीत, गोठा माहीत. कुत्रा यातल्या कशातच बसेना. शेजारच्या टेबलावरचे एक सज्जन हळूच म्हणाले, “ताई, गोठा लिहा ना, कोण बघतंय!” सरळ नाही म्हटलं. खोट्या नावावर मिळालेला कागद पहिली तक्रार आली की आपल्याच गळ्यात येतो. हे मी आजही प्रत्येकाला सांगते.

मग कुणीतरी ब्रीडरचं रजिस्ट्रेशन मागितलं. श्वान प्रजनन आणि विक्रीचे 2017 चे नियम पिल्लं पैदा करून विकणाऱ्यांसाठी आहेत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची नसबंदी होते. नियमांची प्रत टेबलावर ठेवली. मग 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम पुढे केले गेले. त्यांत भटक्या कुत्र्याची शस्त्रक्रिया आणि लसीकरण करून त्याला उचललं त्याच जागी सोडायचं असतं. मागचे दोन पाय गेलेलं कुत्रं मी कुठल्या नाक्यावर सोडू? शेवटी उत्तर आलं, “हें आमचें न्हय, पंचायतींत वचात.” पंचायत म्हणाली, आधी झोनिंगचं पत्र आणा.

हो, एक राहिलं. आराखड्याची रंगीत प्रत घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर सगळे झोन एकसारखे करडे दिसतात, आणि आमच्या प्रतीवर तर गोल शिक्का नेमका आमच्या सर्व्हे नंबरावर पडला होता. त्यावरून दोन साहेब भिंग घेऊन वाद घालत बसले.

सुटका माहिती अधिकाराच्या अर्जाने झाली. दहा रुपये फी. फाइलवरच्या सगळ्या टिपणांच्या प्रती मागितल्या. त्यात एक ओळ होती, ‘अर्जदाराकडून खुलासा मागवावा’, आणि ‘श्वान निवारा’ या शब्दांशेजारी पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह. आम्हाला तसं पत्र कधी आलंच नाही! फाइल त्या प्रश्नचिन्हापाशी झोपली होती. वाचताना माझं डोकं इतकं तापलं की नवऱ्याने कागद हातातून काढून घेतला.

खुलासा आम्ही न मागता लिहून दिला, एका पानात. शेडचं क्षेत्रफळ, जास्तीत जास्त किती कुत्री, विक्री नाही, पैदास नाही, विष्ठा कुठे जाणार, मेलेलं जनावर कुठे पुरणार. जुन्या घराला पूरक शेड म्हणून ती सेटलमेंटच्या तुकड्यात मंजूर झाली. मागच्या भाटात एक वीटही नाही, कुत्री तिथे दिवसा काजूखाली फिरतात. हे पान पहिल्या दिवसापासूनच अर्जाला जोडा.

झोन सेटलमेंट आहे म्हणजे झालं, असं समजू नका. 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खालची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापरायची परवानगी, वेगळी लागते. आमच्याकडे घराखालच्या तुकड्याची होती, म्हणून वाचलो.

ग्रामसभेत विरोधाचे हात वर झाले ते रेबीजच्या भीतीने. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, ते कुत्र्यांच्या लसीकरणामुळे, हे लोकांना आठवण करून द्यावं लागलं. मी लसीकरणाची वही फिरवली. एका आजींनी प्रत्येक पान उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, “माझ्या नातवाचं कार्ड एवढं नीट नाही.” त्यानंतर विरोध आवाजापुरता उरला. रात्री कुत्री आत घेऊ, असं लिहून दिलं. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, तेव्हा तसंही ते करावंच लागतं.

पंचायतीने बांधकामाचा अर्ज दाबून ठेवला तर गप्प बसू नका. तीस दिवसांत निर्णय आला नाही तर पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. आम्ही नुसतं तोंडाने आठवण करून दिली आणि परवाना आला.

आता नोव्हेंबर 2025 पासून सर्वोच्च न्यायालय म्हणतं की शाळा, इस्पितळं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. ठेवा की! पण निवारा कुठल्या झोनमध्ये, ते आमच्या टेबलावरच्या साहेबांना आधी कुणीतरी लेखी कळवा.

आणि सोक पिट, म्हणजे सांडपाण्याचा शोषखड्डा, विहिरीपासून शक्य तितका लांब घ्या. आरोग्य केंद्राचा माणूस आला की आधी तेवढंच बघतो.