विषम आकडे

आज कपाट आवरताना आईची घरची वही निघाली. वॉर्डातल्यासारखेच रकाने: वेळ, ताप, नाडी, श्वास. माझ्या लहानपणीच्या तापाची पानं. उघडायलाच नको होती.

त्या रात्रींचं मला एवढंच आठवतं की ती उशाशी बसून माझं मनगट धरून असायची, बराच वेळ, दोघी गप्प. याला मी इतकी वर्षं हात धरणं समजत आले. ती मोजत होती. आणि मी गप्प होते, कारण तोंडात थर्मामीटर! पारा ९५ च्या खाली झटकून जिभेखाली तीन मिनिटं, तेवढ्यात बाकीचं उरकायचं.

तीन बोटं, अंगठ्याच्या मुळाशी, हलकी. जोरात दाबलं की ठोके हरवतात. आपला अंगठा लावायचा नाही, त्याचीच नाडी लागते. ठोके सरळ असले तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट, चुकत असले तर पूर्ण मिनिट. मग खरी मेख: नाडी मोजून झाली तरी बोटं उचलायची नाहीत. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून मनगट तसंच धरून नजर छातीवर. वर आणि खाली मिळून एक.

म्हणजे हात सोडला नाही तो एवढ्यासाठी. तिच्या नाइट ड्युटीबद्दल आज काही लिहीत नाही.

श्वासाचा रकाना सगळ्यात दुर्लक्षित. घाईच्या पाळीत कुणी कुणी न मोजताच सगळ्यांपुढे २० लिहून मोकळं होतं. आईचा त्यावर फार राग. पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा आधी श्वास वाढतो, रक्तदाब उतरतो तो मागाहून. ओळीने वीस-वीस लिहिलेल्या कागदावर यातलं काय दिसणार?

वहीत माझ्या नावापुढे ३१, ३३, २९, ३१, २७.

दुपारभर फुगून बसल्यावर कुठे ट्यूब पेटली. सगळे विषम. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर विषम आकडा येतच नाही. पंधरा सेकंदांना चारने गुणून तर नाहीच. लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून पूर्ण साठ सेकंद, पाचही वेळा. शिवाय नाडीची अर्धी-अर्धी मिनिटं. झाली साडेसात मिनिटं. एवढ्यावर खूश व्हायचं म्हणजे जरा अतीच, पण होतेय खरी.

तरी माझ्या आठवणीत ती रात्रभर बसलेली आहे. दोन नोंदींच्या मधे ती कुठे होती, हे वहीत नाही.

शेवटची नोंद पहाटे ५.४० ची. ताप ९९, नाडी ९६, श्वास २४. सम. इथे मात्र बाईंनी अर्ध्या मिनिटातच आटोपलेलं दिसतंय. डोळ्यावर झोप आली असेल. किंवा असतील खरेच चोवीस.