वैशाख वद्य दशमी आणि मंडपाची डीपी

आमच्या भागातल्या यात्रा मी वाऱ्यावरून ओळखतो. वायरमनला दुसरं काय सुचणार!

माघातली मुक्ताई-चांगदेवची यात्रा गर्दीने मोठी. महाशिवरात्रीला दिंड्यांमागून दिंड्या येतात, कोठळीला मुक्ताईचं दर्शन घेतात आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या दगडी देवळात जातात. मैदानात पाळणे, रेवड्या, भांड्यांची दुकानं. पण तेव्हा हवा शांत असते, थंडी सरत आलेली असते, घराघरातले कूलर अजून माळ्यावर असतात. लाईन बिचारी गप्प पडून असते. आम्ही चार जादा फ्यूजतारा घेऊन फिरतो आणि पंगतीत बसून वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी पोटभर खातो.

वैशाख वद्य दशमीचं तसं नाही. हा मुक्ताईच्या अंतर्धानाचा दिवस. शके १२१९, म्हणजे इसवी सन १२९७. ज्ञानदेव आणि सोपानदेव आधीच गेलेले, निवृत्तिनाथ बहिणीला घेऊन तापीकाठी आलेले, आणि विजेचा कडकडाट झाला त्यात मुक्ताई दिसेनाशी झाली, असं नामदेवांच्या अभंगांत आहे. कोठळीला तिचं जुनं मंदिर, तापीकाठी मेहूणला मंदिर आणि मुक्ताईनगरात नवं. त्या मुक्ताईनगराला माझे वडील शेवटपर्यंत एदलाबादच म्हणायचे. विजेच्या खात्यात नोकरी आणि बीट, म्हणजे नेमून दिलेला भाग, मुक्ताईचं, यावर गावात जेवढे म्हणून विनोद होतात तेवढे सगळे माझे ऐकून झाले आहेत.

हा दिवस पडतो बहुतेक मे महिन्यात, कधी जून उजाडल्यावर. पारा ४५च्या आसपास. तारा उन्हाने लोंबलेल्या, डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, टाकीला हात लावला तर चटका बसेल अशा तापलेल्या, आणि रात्रंदिवस कूलर. दुपारी तीन-चारनंतर सातपुड्याच्या अंगाने ढग चढायला लागतात. पाऊस किती पडेल याचं आम्हाला काही नसतं. भीती वाऱ्याची. रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यात तो वारा अर्धा तास जरी सुटला तरी घड लागलेली केळी खोडातून मोडतात आणि आमचे पोल वाकतात. शेतकरी आणि वायरमन एकाच आभाळाकडे बघत बसलेले असतात.

त्या वर्षी कोठळीच्या बाजूला मोठा मंडप पडला होता. कीर्तनाचा मंडप, स्वयंपाकाचा वेगळा, पाण्याची मोटर, सगळ्यांसाठी मिळून एक डीपी. ही डीपी थेट गावाच्या लाईनवर नव्हती. गावठाण फीडर म्हणजे गावांना वीज देणारी मुख्य लाईन, तिच्यावरून एक टॅप, म्हणजे फाटा, काढलेला, त्याच्या टोकाला ती एकटीच. टॅपला आपला एबी स्विच, म्हणजे पोलवरचा, हँडलने उघडायचा स्विच. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुपारी बाराला सोहळा झाला. कीर्तनात मुक्ताई गुप्त होण्याचा प्रसंग आला, बुवा थांबले, बायकांनी पदर डोळ्याला लावले, फुलं उधळली. मी डीपीपाशी उभा होतो. आभाळात ढगाचा तुकडासुद्धा नव्हता. शेजारी एक म्हातारे वारकरी होते. ते म्हणाले, "बघ बापा, वीज येऊन गेली." मी सवयीने आधी डीपीकडे बघितलं. ते हसले.

साडेचारच्या सुमारास आधी धूळ आली. मग वारा, मग गोळीसारखे थेंब. पंधरा-वीस मिनिटांत सबस्टेशनमधून फोन आला की गावठाण फीडर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद पडला, एकदा चालू करून पाहिला, पुन्हा ट्रिप. म्हणजे कुठेतरी लाईन खाली आली. मी, माझा जोडीदार आणि ठेकेदाराकडून आलेला एक पोरगा असे तिघं मोटरसायकलींवर निघालो. पोरगा नवा होता. अंगात रग होती आणि पायात स्लीपर. बूट त्याला अजून मिळायचे होते.

रस्त्याने जे दिसत होतं ते लिहायला नको वाटतं. मृगबागेची, म्हणजे मागच्या मृगात लावलेली केळी, घड भरलेले, काहींची कापणी आठवड्यावर आलेली, सगळी एका दिशेने झोपलेली. एक शेतकरी बांधावर नुसता उभा होता. आम्हाला पाहून त्याने विचारलं, "लाईट कधी येईन भो?" ही सवय असते. बाग गेली तरी माणूस लाईटीचं विचारतो.

फॉल्ट सापडला तो मंडपाच्या टॅपवरच. बांधावरची मोठी बाभूळ मुळासकट लाईनवर आलेली. एक तार तुटून मंडपाकडचं टोक केळीच्या सरीत पडलेलं, दोन तारा झाडाच्या भाराने खाली ताणलेल्या. मेन फीडर पुढे ठीक दिसत होता. जोडीदाराने टॅपचा एबी स्विच उघडला, हँडलला कुलूप लावलं. सबस्टेशनला कळवून मी माझ्या नावाने परमिट घेतलं. परमिट म्हणजे मी स्वतः परत करेपर्यंत ऑपरेटर ती लाईन चालू करणार नाही, याची नोंद. फीडर बंद, स्विच उघडा, कुलूप लागलेलं. कागदावर ती लाईन मेलेली होती.

तरी तार मेली आहे हे आधी बघायचं, मग अर्थ करायची, मग हात लावायचा. काठीला डिटेक्टर लावून तारेजवळ न्यायचा. दाब असेल तर तो ओरडतो. त्यानंतर डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीला जोडायच्या. हे आम्हाला शिकवताना इतक्यांदा सांगतात की निम्मे लोक ते ऐकणंच सोडून देतात, आणि संध्याकाळी वादळात, दहा गावचे फोन वाजत असताना, अर्थिंग ही पहिली वगळण्याची गोष्ट असते. मी डिटेक्टर वर नेला.

तो ओरडला.

जोडीदार म्हणाला, "भिजलं असेन ते." मलाही क्षणभर तेच वाटलं. पण तेवढ्यात माझं लक्ष पोराकडे गेलं. सरीत पडलेली तार गोळा करायला तो वाकला होता. मी काय ओरडलो ते आठवत नाही, शिवीच असणार. तो जागच्या जागी थिजला. हात तारेपासून वीतभर वर.

सबस्टेशनला फोन लावला. "लाईन घेतली का?" ऑपरेटर चिडला. "नाना, परमिट तुमच्याच नावावर आहे, ब्रेकर उघडा आहे, मी समोरच बसलोय." एबी स्विचकडे पाहिलं. तिन्ही पाती उघडी, कुलूप जागेवर. डिटेक्टर पुसून पुन्हा वर नेला. पुन्हा ओरडला.

अंधार पडायला आला होता. आजूबाजूला एकही गाव उजेडात नव्हतं, फक्त लांब मंडप लखलखत होता. त्याचं नवल नव्हतं, मंडपवाल्यांचा जनरेटर असतोच. पण मंडपाच्या अलीकडे रस्त्याच्या वळणावर आमच्या पोलवर एक दिवा आहे. तो आमचा. त्याला आमच्या डीपीतून सप्लाय जातो, जनरेटरशी त्याचा संबंध नाही. तो दिवा पेटलेला होता.

मग सगळं उलगडलं. लाईट गेल्यावर जनरेटरवाल्याने आपली वायर मंडपाच्या त्याच बोर्डाला जोडली होती, आमचा मेन स्विच खाली न पाडता. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी आमची नाहीतर जनरेटरची अशी एकच बाजू जोडणारा स्विच, नव्हताच. जनरेटरची वीज मंडपात तर गेलीच, पण सर्व्हिस वायरने उलटी आमच्या डीपीतही शिरली. डीपी एरवी ११,००० व्होल्टचे ४३३ करते. उलट्या बाजूने दिलं की तीच डीपी ४३३चे ११,००० करते, तिला दिशा कळत नाही. टॅपवर दुसरी डीपी नाही, दुसरा लोड नाही, त्यामुळे जनरेटरला काही जड गेलं नाही. तो आरामात चालला होता. तार जमिनीला टेकलेली असूनही तो बंद का पडला नाही? डीपीच्या वरच्या, म्हणजे ११,०००च्या, बाजूला जमिनीला जोडलेला न्यूट्रल नसतो, डेल्टा असतो, म्हणजे तिन्ही वेटोळी एकमेकांनाच जोडलेली. एक तार जमिनीला लागली तरी करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून जनरेटरला पत्ताच लागत नाही. उरलेल्या दोन तारा मात्र पूर्ण ११,०००वर. सबस्टेशनमधून चुकून लाईन आली असती तर रिलेने, म्हणजे तिथल्या फॉल्ट ओळखणाऱ्या यंत्राने, उडवली तरी असती. इथे उडवणारं कोणी नव्हतं.

जोडीदाराला आणि पोराला लांब उभं करून मी मंडपात गेलो. रात्रीच्या कीर्तनाची तयारी चालली होती. जनरेटरवाला ट्रॉलीपाशी खुर्ची टाकून चहा पीत होता. मी आधी इंजिन बंद केलं, मग त्याच्याशी बोललो. मंडपभर अंधार झाला आणि एकच गलका उठला. त्याचं म्हणणं साधं होतं. दरवर्षी असंच जोडतो, आजवर काही झालं नाही, आणि कीर्तन काय अंधारात करायचं का?

मी त्याला जे बोललो ते देवाच्या दारात बोलायचं नव्हतं. गर्दी जमली. काय झालं ते एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि दोन मिनिटांत मंडपाच्या त्या टोकाला गोष्ट तयार झाली: आजच्याच दिवशी, मुक्ताईच्या अंतर्धानाच्या दिवशी, आईने पोराचा हात धरला. बायका पोराला बघायला निघाल्या. कोणी बुक्का लावायला निघालं. जनरेटरवाल्यानेही हात जोडले, "आईची कृपा, दुसरं काय."

मला राग आला तो खरा इथे. मुक्ताईची कृपा असेलही, मी माळकरी घरातला आहे, नाही म्हणणार नाही. पण कृपा म्हटलं की चौकशी संपते. बोर्डाला वायर कोणी जोडली, मेन का पाडला नाही, स्विच का नाही, हे प्रश्न बुक्क्याखाली जातात. मी तसं मोठ्याने म्हणालो. एक म्हाताऱ्या आजी पुढे झाल्या. डोक्यावर तुळस, पायात काही नाही. "भाऊ, रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानोबाची ज्या लेकरानं समजूत घातली ना, तिच्या दारात उभा आहेस. इतका राग बरा नाही."

मी म्हटलं, "आजी, ज्ञानोबांचा मेन बंद होता. याचा चालू आहे."

आजी हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

मेन खाली पाडला, डीपीचे किटकॅट, म्हणजे खालच्या बाजूचे फ्यूज, काढून पिशवीत टाकले, वर ११,०००च्या बाजूचे डीओ फ्यूज काठीने उतरवले. परत येऊन डिटेक्टर लावला, आता गप्प. दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं. बाभूळ तोडली, तार ओढली, स्लीव्ह, म्हणजे जोडाची नळी, घालून जोड दिला. पोराला मी जमिनीवरच ठेवलं, दोर धरायला. तो काही बोलला नाही, फक्त मधेच विचारलं, "नाना, ते टुई टुई वाजतं ते किती रुपयाला येतं?" त्याला स्वतःसाठी घ्यायचं होतं. हे ऐकून जोडीदाराने मान फिरवली. कारण उत्तर असं आहे की ते त्याला विकत घ्यायला लागू नये.

इकडे कीर्तन सुरू झालं होतं, माईकविना. दोन कंदील, काही मोबाईलचे दिवे, पखवाज आणि टाळ. वारा पडल्यावर आवाज आमच्यापर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. दहा वाजून गेल्यावर परमिट परत केलं, लाईन घेतली, टिकली. मग मंडपात गेलो. जनरेटरची वायर बोर्डावरून माझ्या डोळ्यांसमोर काढायला लावली, तेव्हाच किटकॅट लावले. रजिस्टरला सगळं लिहिलं, कोणाचा जनरेटर, कुठे जोडला, काय निघालं. पुढे त्या कागदाचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही.

पंगतीत मला आग्रहाने बसवलं. बट्टी गार झालेली, तुपाची धार मात्र हात आखडता न घेता. पोराच्या कपाळभर बुक्का होता. जनरेटरवालाच वाढायला आला, "नाना, अजून एक." मी घेतली. भूक लागली होती.

गावठाण फीडर रात्री आला, पण शेतीपंपांच्या लाईनीचे पोल ओळीने पडले होते. ते उभे करायला पुढचे कितीतरी दिवस गेले. बांधावरचा तो शेतकरी रोज रस्त्यात भेटायचा आणि रोज तेच विचारायचा. आडव्या झालेल्या बागेला पाणी कशाला हवं, हे मी त्याला विचारलं नाही. नंतर कळलं, बाजूच्या तुकड्यात नवी लागवड होती, ती वाचवायची होती.

आता मी दशमीच्या आदल्या दिवशीच मंडपावर जातो. किती जनरेटर, कुठे जोडणार, चेंजओव्हर आहे का, आहे तर तो खरोखर एका वेळी एकच बाजू जोडतो का, हे हाताने खालीवर करून बघतो. काही लोक नुसता डबा बसवून ठेवतात, आत दोन्ही बाजू एकत्र बांधलेल्या. गेल्या वेळी एक नवा मंडपवाला आला होता, नाशिककडचा. त्याच्याकडे स्विच नव्हता. म्हणाला, "साहेब, उद्या संध्याकाळपर्यंत आणतो. आणि मुक्ताई आहेच ना." मी डीपीचे तिन्ही किटकॅट काढले, शर्टाच्या खिशात घातले आणि मोटरसायकलला किक मारली. दुपारी दोनला त्याचा फोन आला, भुसावळहून स्विच घेऊन माणूस निघालाय म्हणून. म्हटलं, बसवून झाला की फोन कर, मग येतो.