पौषातलं छप्पर

पौषात लग्नं होत नाहीत. आमचा सगळा सिनेमा या एका गोष्टीवर उभा आहे.

आमचा कॅमेरामन एरवी लग्नांची शूटिंगं करतो. मार्गशीर्षात किंवा माघात फोन केला तर तो कुठल्या तरी हॉलमधून ओरडत बोलतो. पौषात मात्र कॅमेरा, दोन लेन्स आणि तो स्वतः, तिघंही घरी बसून असतात. त्यामुळं आमच्या शूटिंगच्या तारखा पंचांगावरनं ठरल्या. भाडं शून्य, फक्त त्याचं जेवण आणि पेट्रोल.

सिनेमा १८९९ च्या सुमाराचा, कोल्हापूर संस्थानातल्या एका खेड्यातला. कोल्हापुरात ‘जुन्या काळावरचा सिनेमा करतोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. खरी कॉर्नरजवळचा आमचा चहावाला म्हणाला, “मावळे किती हाईत?”

“एकबी न्हाई.”

“घोडी?”

“न्हाईत.”

“मग कसला ओ हिस्टॉरिकल?”

मी म्हटलं, प्लेगावर आहे, पैसे नाहीत. त्यानं कॅमेरा स्तंभाकडं हनुवटी उडवली आणि मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला होता, हे मला ऐकवलं. या गावात पैसे नाहीत म्हणून रडायची सोय नाही ती अशी.

प्लेग मुंबईत आला १८९६ साली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात पोचला. वर दुष्काळ होताच. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहायचे. मी हा विषय का घेतला याचं मुलाखतीत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडं तयार आहे. खरं उत्तर हिशोबाच्या वहीत आहे: ओस पडलेलं गाव दाखवायला माणसं लागत नाहीत.

ज्यांच्याकडं पैसे असतात ते जुना काळ उभा करतात. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मीही एक चक्कर मारून आलो होतो, पण रोजचं भाडं ऐकून पाणी प्यालो आणि परत आलो. मग पन्हाळ्याच्या पायथ्याला एक गाव शोधलं आणि तिथं आजचा काळ झाकत फिरायला लागलो. डिशच्या छत्र्यांवर पोती टाकायची. पीव्हीसीच्या पायपांपुढं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या. पोरांची घड्याळं काढली तर मनगटावर पांढरा पट्टा, म्हणून त्यावर माती चोळायची. नऊवारी आजींच्या ट्रंकांतनं मिळाल्या, पण निम्म्या नायलॉनच्या निघाल्या. आमच्या नायिकेच्या दंडावर बीसीजीचा वण होता. देवीची लस त्या काळात होती, बीसीजीची नव्हती, आणि तिची चोळी नेमकी तिथं संपत होती. या वणावर आम्ही अर्धा तास वाद घातला आणि शेवटी चोळीची बाही बोटभर वाढवली.

सगळ्यात जास्त छळलं ते गाजर गवतानं. हे गवत आपल्याकडं पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५५-५६ च्या सुमाराला, पुण्याजवळ. म्हणजे १८९९ च्या बांधावर ते असायचं कारणच नाही. मी आणि दोन पोरं तीन दिवस ते उपटत होतो. अंगाला खाज सुटली. पडद्यावर बघणाऱ्या एकालाही ते कळलं नसतं, हे मला उपटतानाही कळत होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. शूटिंगचा नववा दिवस. सकाळी सात वाजता आम्ही गावात पोचलो, तर आमच्या मुख्य घरावर चार माणसं चढलेली. पुढच्या पाख्याची कौलं निम्मी उतरवून अंगणात रचून ठेवली होती. शेजारी सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा येऊन पडलेल्या.

घराचे मालक, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, बिडी ओढत उभे होते.

“आबा, हे काय?”

“स्लॅब टाकतोय न्हवं.”

“पण उन्हाळ्यात टाकणार होता ना? आमचे अजून चार दिवस आहेत इथं.”

“व्हय, पर ह्यो गडी आला काल सांजच्याला. पौषात काम न्हाई, मजुरी कमी घेतो म्हणाला. म्या म्हटलं, लाग कामाला.” मग माझं तोंड बघून म्हणाले, “तुमास्नी सांगणार हुतो, पर तुमी गवतात वाकला हुतासा.”

त्यांना काय बोलणार? घर फुकट दिलेलं. ज्या पौषानं आम्हाला कॅमेरा फुकट दिला, त्याच पौषानं सेंट्रिंगवालाही स्वस्त केला होता. मी ओट्यावर बसलो. या घरातले दोन सीन राहिले होते, दोन्ही छपरासकट. दुसरं घर शोधायचं तर सगळ्या आळीला स्लॅब आणि पत्रे. कॅमेरामननं बॅगसुद्धा उघडली नाही. नायिका पहाटेच्या एसटीनं इचलकरंजीहून शाळेत रजा टाकून आलेली, ती नऊवारी नेसून तयार.

आबांच्या आईला हे काम मुळीच पसंत नव्हतं. वय ऐंशीच्या पुढं, कंबरेत वाकलेली, अंगणात सूप घेऊन बसली होती. पौषात कोण घराला हात लावतंय, यावर तिचं सकाळपासून चालू होतं. मध्येच वर बघून म्हणाली, “पिलेगात काढली हुती तशी काढल्यात बघ कौलं.”

मी उठून तिच्याजवळ गेलो. “आजी, काय म्हणालात?”

“माझी आजेसासू सांगायची. सरकारी मानसं यायची, कौलं काढून घरात ऊन पाडायची. ऊन पडलं की रोग मरतोय म्हनं.” आणि पुन्हा सुपाकडं वळली. “हितं कुनाला रोग झालाय कुनास ठावं.”

हे मी वाचलं होतं. प्लेगाच्या घरांत ऊन-वारा यावा म्हणून छपरं उघडी करायचे. माझ्या वहीत ते लिहिलेलंही आहे, आणि त्याच्यापुढं मीच लिहिलंय: ‘जमणार नाही’. छप्पर कोण काढू देईल आपल्याला? आणि इथं समोर चार माणसं ते काढत होती, मजुरी आबा देणार होते.

मी सेंट्रिंगवाल्याला हात जोडले. अर्धा तास थांब म्हटलं. तो म्हणाला, दुपारी प्लाय येणार, तोवर पाखं रिकामं पाहिजे. मोजलं तर पुढच्या पाख्यावर कौलांच्या आठ ओळी उरल्या होत्या. म्हणजे आम्हाला टेक किती, तर आठ ओळी जेवढे देतील तेवढे. एकदा उतरवलेलं कौल परत वर कोण चढवणार?

मजूर विजापूरकडचे, आपसांत कानडी बोलणारे. ते चालण्यासारखं होतं, संस्थानाच्या त्या अंगाला कानडी तेव्हाही होतीच. त्यांचे फुटबॉलचे जर्सी उतरवले, धोतरं दिली, मुंडाशी बांधली. आणि मग कौल हातात घेऊन बघितलं तर पाठीवर कारखान्याचा इंग्रजी शिक्का. मंगलोरी कौलं. बासेल मिशनचा कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा आहे, तेव्हा १८९९ ला अशी कौलं असणं अशक्य नाही. पण पन्हाळ्याखालच्या कुळवाड्याच्या घरावर? तिथं नळीची गावठी खापरंच असणार. इलाज नव्हता. शिक्का पोटाकडं धरा, एवढंच सांगितलं, आणि कॅमेरा घराच्या आत लावला. आतनं वर बघताना खापर काय आणि मंगलोरी काय, निसटणारी काळी चौकट तेवढी दिसते.

स्वयंपाकघराची जमीन अजून शेणानं सारवलेली होती. तिथं नायिकेला कणगीला टेकवून बसवलं. माझा कॅमेरामन दर सीनला एलईडी पॅनल मागणारा माणूस, आणि दर सीनला मी त्याला ऊन परतवायला थर्माकोलचा पत्रा देणार. त्या दिवशी त्यानं वर बघितलं आणि काहीच मागितलं नाही. नऊ वाजून गेले होते, ऊन तिरकं होतं. एकेक कौल सरकलं की उन्हाचा एकेक चौकोन खाली पडायचा, आधी चुलीवर, मग जात्यावर. साठ-सत्तर वर्षांचं काजळ वाशांवरनं सुटून त्या उन्हात तरंगायला लागलं.

पहिल्या दोन ओळी वाया गेल्या. ज्यांनी सकाळपासून डोळे झाकून कौलं झेलली, तेच गडी ‘ॲक्शन’ म्हटल्यावर काचेची भांडी उचलल्यासारखे वागायला लागले. तिसऱ्या ओळीला तेच. मग सेंट्रिंगवाल्याचाच धीर सुटला. तो खालनं कानडीत काहीतरी करवादला, त्यात मला ‘प्लाय’ एवढंच समजलं. चारही जण कॅमेरा विसरले आणि हात चालायला लागले. वरच्यानं सोडायचं, मधल्यानं न बघता झेलायचं, खालच्यानं रचायचं. ती लय कुठल्या नटाला आठ दिवसांत शिकवता आली नसती.

पाचव्या ओळीला काजळाचा एक लोट सरळ नायिकेच्या डोळ्यांत गेला. मी कट म्हणणार होतो. कॅमेरामननं न बघता माझा दंड धरला. ती डोळे मिटून तशीच बसली, आणि मिटलेल्या डोळ्यांवर ऊन येऊन पडलं. मग तिनं आंधळ्यासारखा हात पुढं करून मांडीवरच्या पोराचं डोकं झाकलं. तो हात स्क्रिप्टमध्ये नव्हता, तिला विचारलं तर तिलाही आठवत नाही. आठव्या ओळीपर्यंत आम्ही कॅमेरा बंद केला नाही. आवाज अर्थातच वाया गेला, कारण मागच्या रस्त्यानं उसाची डबल ट्रॉली गाणी वाजवत गेली. ते डबिंगमध्ये बघू.

दुपारचं थोडक्यात. गाव सोडणारी गाडी घ्यायची होती. खिलार बैल बघायला देखणे, पण दोघांच्याही डाव्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला आणि त्यावर बारा आकडी नंबर. बैलवाल्याला म्हटलं, तेवढा काढता येईल का? तो म्हणाला, “त्यो त्येंचा आधार हाय. काढला तर लस द्यायला नोंद कुटं लागनार?” बरोबर होतं त्याचं. आणि आम्ही आठ दिवस गाव सोडणारी माणसं उजवीकडून डावीकडं जाताना घेतलेली, म्हणजे गाडीही तशीच जाणार, म्हणजे कॅमेऱ्याकडं नेमका डावा कान. कानावर गोंडे बांधून बघितले, बैलांनी मान झटकून दोन मिनिटांत पाडले. शेवटी गाडीवर कणगी, वळकट्या, पाळणा असं एवढं लादलं की मागनं बैल दिसेचनात, आणि शॉट पाठीमागनं घेतला. गाडी लांब जाते आणि वळकटीवर बसलेली म्हातारी आपल्याकडं, म्हणजे गावाकडं बघत राहते. कच्चं संकलन बघितलेल्या मित्रांना हाच शॉट आवडतो. बिल्ल्यांचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी हिशोब लिहिला: अकरा हजार चारशे. त्यातले दीड हजार मजुरांना वरचे दिले. छपरासकटचे दोन सीन कापून टाकायचे ठरवलं. एक तर मला पहिल्यापासून खटकतच होता.

सामान आवरत असताना आबा आले. म्हणाले, म्हातारी पोरीकडं कोडोलीला जायला तयार नाही, गोठ्यात झोपायलाही तयार नाही, गारठा तर हा असा. “तुमच्या त्या मळ्यातल्या झोपड्या हाईत, त्या रातच्याला मोकळ्याच असत्यात न्हवं?”

त्या झोपड्या ऊसतोडीच्या टोळीनं आम्हाला बांधून दिल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या कोप्यांवर प्लास्टिकचा कागद असतो. आमच्यावर नुसतं पाचट, कारण १८९९. चार झोपड्यांपैकी शेवटच्या सीनमधली सगळ्यात बरी होती, तिच्यात चूलही मांडलेली होती. दुसऱ्या दिवशी तिथंच शूटिंग होतं आणि कुणीही हात लावायचा नाही असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.

आम्ही बॅटरीच्या उजेडात वाकळा, घागर आणि आजीला घेऊन मळ्यात गेलो. तिनं झोपडीला बाहेरनं एक फेरी मारली. पाचट चिमटीत धरून ओढून बघितलं. दाराशी उभी राहिली आणि पदर डोक्यावर घट्ट ओढला.

“दार कुनी केलंय हिकडं? समदा वारा आत येतोय की. पिलेगात मानसं अशी ऱ्हायली असती तर गारठ्यानंच मेली असती.”

मी कॅमेरामनकडं बघितलं. आदल्या दिवशी याच दारातनं आम्ही सहा शॉट घेतले होते.

“मेढी उपटा,” मी पोरांना म्हटलं. “दार पूर्वेला घ्या.”